काढू दे, घालू दे : ‘पर्सेपोलिस’ पुन्हा वाचताना

२०२२ च्या दिवाळीला आठवडा उरला होता. बेळगावात आमचे बारा-पंधरा जणींचे एक वाचनमंडळ आहे. पंधरवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, कोणाच्या तरी घरी जमायचे, ठरलेले पुस्तक वाचून यायचे आणि चहाबरोबर त्यावर बोलायचे, एवढाच त्याचा पसारा. त्या दिवशी मात्र पुस्तक बाजूला राहिले. आदल्या गुरुवारी, १३ ऑक्टोबरला, कर्नाटकातल्या हिजाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले होते. आणि त्याच सुमारास दूरदर्शनच्या पडद्यावर रोज रात्री तेहरानच्या मुली डोक्यावरचे रुमाल काढून जाळत होत्या, स्वतःचे केस कापत होत्या.

आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, “काय म्हणायचं बघा की! तिकडच्या ‘काढू दे’ म्हणून जीव देतात, आणि इकडच्या ‘घालू दे’ म्हणून कोर्टात जातात. ह्यांना नेमकं पाहिजे तरी काय ओ?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. एक जण हसली नाही. ती एका प्राथमिक शाळेत शिकवते, माझी जुनी विद्यार्थिनी, आणि ती डोक्याला रुमाल बांधते. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. पस्तीस वर्षे मराठी शिकवून मला त्या वाक्याला उत्तर सुचले नाही, ही बोचणी मनात राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे. ते मला एका इराणी लेखिकेच्या पुस्तकात सापडले, म्हणून त्या पुस्तकाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

मार्जान सात्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ हे चित्रांतून सांगितलेले आत्मचरित्र आहे. मूळ फ्रेंच चार भाग २००० ते २००३ ह्या काळात प्रसिद्ध झाले, पुढे इंग्रजी भाषांतर आले आणि २००७ साली त्यावर चित्रपटही निघाला. चित्रकथा म्हटले की आपल्याकडे ती मुलांची समजून बाजूला ठेवली जाते. मीही प्रथम तसेच केले होते. परंतु ह्या पुस्तकातली चित्रे लहान मुलाच्या नजरेची असली, तरी त्यांतली दुनिया मोठ्यांचीच आहे. रंग दोनच, काळा आणि पांढरा. छटा नाहीत. सगळे काही ‘पाक’ आणि ‘नापाक’ अशा दोनच खणांत बसवू पाहणाऱ्या राजवटीची गोष्ट दोनच रंगांत सांगायची, आणि तरीही प्रत्येक माणसात खणाबाहेरचे काहीतरी दाखवायचे, हे त्या चित्रशैलीचे यश आहे असे मला वाटते.

पहिल्याच प्रकरणाचे नाव आहे ‘बुरखा’. साल १९८०. दहा वर्षांच्या मार्जीच्या शाळेत मुलींना रुमाल वाटले जातात. आता येथे एखादा साधा लेखक रडणाऱ्या मुली दाखवील. सात्रापी काय दाखवते? मुली त्या रुमालाची उडी मारण्याची दोरी करतात, घोड्याचा लगाम करतात, तो अंगावर घेऊन भुताचे सोंग करतात. कापड मुलांच्या हाती पडले की ते खेळणे होते. कापडात मुळात पाप नाही आणि पुण्यही नाही, हे लेखिका पहिल्याच पानांवर, एकही तात्त्विक वाक्य न लिहिता, सांगून टाकते. पुढचे सगळे पुस्तक ह्या पायावर उभे आहे.

त्या रुमालामागचा इतिहास ठाऊक नसेल तर हा पाया दिसत नाही. जानेवारी १९३६ मध्ये रझा शहाने इराणी स्त्रियांच्या चादोरवर बंदी आणली. देश आधुनिक करायचा होता, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे स्त्रियांची डोकी उघडी करणे! रस्त्यात पोलीस स्त्रियांच्या अंगावरचे चादोर ओढून काढीत. जन्मभर डोके झाकून वावरलेल्या कित्येक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९४१ साली रझा शहा गादीवरून गेला तेव्हा ही सक्ती सैल झाली. पुढे १९७८ मध्ये त्याच्या मुलाच्या राजवटीविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा एरवी उघड्या डोक्याने वावरणाऱ्या कितीतरी शिकलेल्या स्त्रिया निषेध म्हणून मुद्दाम चादोर घेऊन आल्या. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती झाली. तिला महिनाही उलटला नव्हता, तोच ७ मार्चला आयातुल्ला खोमेनींनी सांगितले की, सरकारी कचेऱ्यांतल्या स्त्रियांनी हिजाब घालूनच कामावर यावे. दुसऱ्या दिवशी ८ मार्च, जागतिक महिला दिन. तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया उतरल्या. मागे जाण्यासाठी आम्ही क्रांती केली नव्हती, अशी त्यांची घोषणा होती. त्यांच्यावर हल्ले झाले, तरी कित्येक दिवस निदर्शने चालली. सरकार तेवढ्यापुरते मागे सरले. पण १९८० मध्ये कचेऱ्यांतून सक्ती आली, आणि १९८३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी हिजाब न घालणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांची शिक्षा ठरली.

म्हणजे ज्या स्त्रीचा जन्म १९२० च्या आसपासचा, तिने एकाच आयुष्यात दोन पोलीस पाहिले. पहिल्याने तिचे डोके उघडे केले, दुसऱ्याने झाकले. दोघेही म्हणत होते, बाई, हे तुझ्याच भल्यासाठी आहे.

‘पर्सेपोलिस’मध्ये मार्जीची आई त्या निदर्शनांत जाते. एक जर्मन वार्ताहर तिचे छायाचित्र काढतो आणि ते युरोपभर छापून येते. मुलीला आईचा अभिमान वाटतो. आईला मात्र भीती वाटते. ती केस रंगवते आणि कित्येक दिवस काळा चष्मा लावून फिरते. निषेधाचे छायाचित्र बाहेरच्या जगाला आवडते; पण ते छापून आल्यावर त्या बाईला त्याच गावात राहायचे असते. लढ्याकडे दुरून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

पुस्तकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाहून परतलेली तरुण मार्जी तेहरानच्या कलामहाविद्यालयात शिकते. शरीररचनेच्या तासाला समोर बसवलेली स्त्री नखशिखांत चादोरमध्ये असते. मुलींनी कोणत्याही बाजूने चित्र काढले तरी ते सारखेच! हा विनोद आहेच. पण त्याच भागात सात्रापीने एक फार गंभीर निरीक्षण नोंदवले आहे. घरातून निघताना जी स्त्री रोज स्वतःला विचारते की, माझी विजार पुरेशी लांब आहे ना, रुमाल नीट बसला आहे ना, रंगरंगोटी दिसत नाही ना, ती हळूहळू दुसरे प्रश्न विचारायचे विसरते. माझ्या विचारांचे, बोलण्याचे स्वातंत्र्य कुठे गेले, तुरुंगांत काय चालले आहे, हे प्रश्न मागे पडतात. रुमालाच्या सक्तीचा खरा उपयोग हा आहे. राज्यकर्त्यांना चार केस दिसल्याचे एवढे दुःख नसते; चार केसांची काळजी करण्यात माणसाचा दिवस संपावा, हे त्यांना हवे असते.

आणि मग येते ते प्रकरण, ज्यासाठी मी हे पुस्तक थोर मानते. मार्जी ओठ रंगवून मित्राची वाट पाहत रस्त्यात उभी आहे. धर्मरक्षकांची गाडी येते. आता आपण पकडले जाणार, हे ओळखून ती झटकन पुढे होते आणि समोर बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे बोट दाखवून सांगते की, हा मला घाणेरडे बोलला. त्या निरपराध माणसाला गाडीत घालून नेतात. मार्जी सुटते. घरी येऊन ती ही हकिगत गंमत म्हणून आजीला सांगते. आजी आजवर तिच्यावर कधी रागावलेली नाही. आज रागावते. ज्या घराने न्यायासाठी तुरुंग भोगला, त्या घरात जन्मून तू हे केलेस?

येथे सात्रापी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. सक्तीविरुद्धच्या साहित्यात हे विरळ असते. सोसणारा निर्मळ आणि छळणारा दुष्ट, ही विभागणी लेखकाला सोयीची आणि वाचकाला सुखाची असते. पण सक्तीचे राज्य सोसणाऱ्यालाही बिघडवते. तो आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा गळा पुढे करू लागतो. आजीला तो रुमाल मुळीच आवडत नाही. तरी ती रुमालावर बोलत नाही, नातीच्या खोटेपणावर बोलते. इराणच्या आजच्या लढ्याची नैतिक उंची मला मोर्च्याच्या चित्रांइतकीच ह्या म्हातारीच्या रागात दिसते.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० च्या दशकातली. तीही एका स्त्रीने स्वतः सांगितलेली आत्मकथा म्हणून रचलेली आहे, आणि तिच्या शेवटी नवरा गेलेल्या यमूचे केशवपन बळजबरीने केले जाते. स्त्रीच्या केसांवर धर्माचा हक्क! तेहरानमध्ये तो केस झाकण्याचा, आपल्याकडे तो केस उतरवण्याचा. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केसांवर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला, ही घटना मी वर्गात सांगत असे. ज्याच्या हातून सक्ती घडवून घ्यायची तोच हात नाही म्हणाला, तर सक्ती लटकी पडते. दोन्ही कृतींत साम्य असे की, जुलूम करणारा दूरच्या राजवाड्यातून येत नाही, तो घरातल्या, ओळखीच्या माणसाच्या रूपाने येतो. फरक असा की, यमूला हसता येत नाही. तिच्यासाठी एक सहृदय पुरुष बोलतो आहे आणि तो वाचकाच्या दयेला हाक घालतो. सात्रापी स्वतः बोलते, आणि तिला दया नको आहे. ती हसते, चुकते, ओशाळते.

हे साहित्य बाहेर कसे वाचले जाते, हाही एक प्रश्न आहे. अझर नफीसी यांचे ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’ (२००३) हे पुस्तक अमेरिकेत अफाट खपले. हिजाब घालायला नकार दिल्यामुळे १९८१ साली त्यांना तेहरान विद्यापीठ सोडावे लागले. पुढे १९९५ पासून दर गुरुवारी सकाळी त्यांनी निवडक विद्यार्थिनींना घरी बोलावून पाश्चात्त्य कादंबऱ्यांचा वर्ग चालवला, त्याची ही हकिगत. पुस्तकाच्या आरंभी त्या मुलींची दोन छायाचित्रे वर्णिली आहेत : एकात सगळ्या काळ्या झग्यांत सारख्या दिसणाऱ्या, दुसऱ्यात प्रत्येकीचा रंग निराळा. फार सुंदर जागा आहे ती. परंतु ह्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाची एक वेगळीच गोष्ट आहे. तिच्यावर रुमाल बांधलेल्या दोन मुली माना खाली घालून काहीतरी वाचताना दिसतात. मूळ छायाचित्रात त्या मुली वर्तमानपत्र वाचत होत्या, निवडणुकीच्या बातम्या वाचत होत्या! मुखपृष्ठासाठी चित्र कापताना ते वर्तमानपत्र गेले आणि उरल्या फक्त खाली वळलेल्या माना. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक हमीद दबाशी यांनी २००६ साली ह्यावर बोट ठेवले. त्यांनी पुढे जाऊन नफीसींवर अमेरिकी साम्राज्याची चाकरी केल्याचा आरोप केला, तो मला मान्य नाही. घरात जाच होतो असे सांगणाऱ्या सुनेला ‘शेजाऱ्यांना बोलायला जागा केलीस’ म्हणून दटावणे आपल्याकडेही नवे नाही. पण मुखपृष्ठाबद्दल दबाशी बरोबर आहेत. दुरून पाहणारा नेहमी कापड ठेवतो आणि हातातले वर्तमानपत्र कापून टाकतो.

‘पर्सेपोलिस’ला मर्यादा नाहीत असे नाही. मार्जीचे घर सुखवस्तू, पुस्तकांनी भरलेले. युद्ध आणि छळ वाढल्यावर चौदाव्या वर्षी मुलीला व्हिएन्नाला पाठवणे त्या घराला परवडते. लेखिकेला ह्याची जाणीव आहे, घरच्या मोलकरणीची कथा तिने आस्थेने रेखाटली आहे. तरीही पुस्तक तेहरानच्या वरच्या वर्गाबाहेर फारसे जात नाही. आणि २०२२ चा उठाव सुरू झाला तो नेमका त्या वर्गाबाहेरून. १३ सप्टेंबरला तेहरानमध्ये हिजाबच्या कारणावरून धर्मरक्षक गस्तीने पकडलेली आणि १६ तारखेला कोठडीतून रुग्णालयात नेल्यावर मृत्यू पावलेली मुलगी होती सक्केझ ह्या कुर्द गावची, बावीस वर्षांची. कागदोपत्री ती महसा अमिनी, घरी जीना. कागदावर एक नाव आणि घरात दुसरे, राज्याची भाषा एक आणि आईची दुसरी, हे काय असते ते सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. ‘जिन, जियान, आझादी’ म्हणजे ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणाही कुर्दीच. फारसीच्या राजधानीने ती किनाऱ्यावरच्या भाषेकडून घेतली. त्या उठावात पाचशेहून अधिक माणसे मारली गेली, असे मानवी हक्क संघटना सांगतात. तुरुंगात असलेल्या नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चे शांततेचे नोबेल मिळाले, ते त्यांच्या जुळ्या मुलांनी स्वीकारले.

ह्या उठावावरची सर्वांत प्रभावी कलाकृती मला मोहम्मद रसुलोफ यांच्या ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ (२०२४) ह्या चित्रपटात दिसली. चोरून चित्रित केलेला हा चित्रपट. बाप क्रांतिकारी न्यायालयात तपास अधिकारी होतो, आणि कागद न वाचता मृत्युदंडावर सही करायला शिकतो. बाहेर मुली मार खात आहेत. घरात त्याच्या दोन मुली ते फोनवर पाहतात. आई नवऱ्याची बाजू घेते, मुलींना गप्प करते. मग एके दिवशी थोरलीच्या मैत्रिणीच्या तोंडात घुसलेले छर्रे हीच आई चिमट्याने एकेक काढते. चिमटा, वाटी, रक्त, आणि आईचा न थरथरणारा हात. पुढचा अर्धा चित्रपट थरारकथेच्या वाटेने जातो आणि मला तो तितका पटत नाही. पण ह्या एका प्रसंगात सक्तीची मुकादमीण झालेली बाई कशी बदलू लागते, ते घडताना दिसते. सात्रापीची आजी आणि रसुलोफची आई एकमेकींच्या नात्यातल्या आहेत.

आता त्या रविवारच्या वाक्याकडे येते. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत सरकारी बाजूनेही इराणचा दाखला दिला गेला होता : तिथल्या स्त्रियाच हिजाबविरुद्ध लढत आहेत, मग तो अत्यावश्यक कसा? म्हणजे आमच्या बाई एकट्या नव्हत्या. पण हा दाखला देताना वर्तमानपत्र पुन्हा कापले गेले. न्या. हेमंत गुप्ता यांनी उच्च न्यायालयाचा १५ मार्च २०२२ चा, बंदी योग्य ठरवणारा निर्णय कायम ठेवला; न्या. सुधांशु धुलिया यांनी तो रद्द ठरवताना मुलींच्या शिक्षणाचे काय होईल, हा प्रश्न पुढे ठेवला. शाळेत गणवेश असावा की नाही, किती असावा, ह्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, आणि शाळेचा नियम म्हणजे तेहरानचे फटके नव्हेत, हेही मला कळते. माझा मुद्दा एवढाच आहे की, इराणच्या स्त्रियांना त्यात साक्षीला बोलवायचे असेल तर त्यांची साक्ष पुरती ऐकावी. फ्रान्समध्ये शाळांतून डोक्याचा रुमाल बंद करायचा विचार २००३ साली चालला होता, तेव्हा सात्रापीने त्याविरुद्ध लिहिले होते. बुरख्याची सक्ती सोसलेल्या, त्याचा मनापासून तिटकारा असलेल्या बाईने! घालायला लावणे जितके जुलमाचे, तितकेच काढायला लावणेही, हे तिचे म्हणणे. ‘पर्सेपोलिस’ नीट वाचलेल्याला त्यात विसंगती दिसणार नाही. ज्या मुलींनी रुमालाचा लगाम करून घोडा-घोडा खेळला, त्याच मुलींचा हा विचार आहे.

‘काढू दे’ आणि ‘घालू दे’. आमच्या बाईंनी ह्यातल्या ‘काढू’ आणि ‘घालू’ ह्या शब्दांकडे पाहिले आणि त्यांना विरोध दिसला. दोन्हीकडे सारखा असलेला शब्द ‘दे’ हा आहे. कोणाला म्हणायचे आहे हे ‘दे’? पोलिसाला, प्राचार्याला, मौलवीला, चुलत्याला. प्रौढ बाईला आपल्या डोक्यापुरतेही कोणाला तरी ‘दे’ म्हणावे लागते, ही गाठ आहे. इराणी स्त्रिया ती सोडवू पाहत आहेत.

त्यानंतर मी आमच्या मंडळासाठी ‘पर्सेपोलिस’ सुचवले आणि त्या शिक्षिकेच्या घरी जाऊन पुस्तक देऊन आले. ती आली. आजीच्या प्रसंगावर बोलताना म्हणाली, “बाई, मला ती आजी आवडली. ती रुमालावरनं बोलली नाही, खोटं बोलल्यावरनं बोलली.” मग थोडे थांबून म्हणाली, “मी माझ्या मर्जीनं बांधते, हे मी सगळ्यांना सांगते. पण माझ्या धाकटीला नको आहे. चुलते तिला रोज बोलतात. तिच्या बाजूनं मी अजून एकदाही तोंड उघडलं नाही.”

कोणी काही बोलले नाही. मला माझे त्या रविवारचे हसणे आठवले. मग त्या ज्येष्ठ बाईच उठल्या, तिच्या कपात चहा ओतला आणि म्हणाल्या, “तुझी बहीण वाचते का गं? तिला घेऊन ये की पुढच्या वेळी.”

ती बहीण आता नियमित येते. उघड्या डोक्याने येते. दोघी एकाच स्कूटरवरून येतात.